भुताच्या जागी तू उभी राहशील

ठाणे (पश्चिम),
रविवार

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

घोडबंदर रस्त्यावरच्या भयमालिकेच्या सेटवर तू उद्यापासून दिग्दर्शन विभागात सहायक म्हणून रुजू होत आहेस, हे तुझ्या आईने कळवले. तिथे दिवसभर नेमके काय करावे लागते, असे तू फोनवर विचारले होतेस. परंतु ते दोन मिनिटांत सांगण्यासारखे नसल्यामुळे सविस्तर लिहितो. या व्यवसायात माझी पंचवीस वर्षे गेली आणि त्यांतली बरीचशी खोटे वाडे, खोट्या विहिरी व खोट्या रात्री यांच्यातच गेली. एवढ्या काळात एक गोष्ट मनात पक्की बसली आहे, ती आधीच सांगतो. प्रेक्षक घाबरला पाहिजे. मात्र सेटवरचा एकही माणूस खरोखर घाबरता कामा नये, आणि कोणी घाबरले असेल तर ते सर्वांत आधी सहायकाच्या लक्षात आले पाहिजे.

कॉल टाइम, म्हणजे सेटवर हजर व्हायची वेळ, सकाळी नऊची असली तरी तू आठला पोहोच. माजिवड्याहून निघाल्यावर मानपाडा, वाघबीळ, कासारवडवली करत ओवळ्याच्या पुढे जाईपर्यंत किती वेळ लागेल याचा भरवसा कोणीच देऊ शकत नाही, आणि गायमुखच्या घाटात एखादा ट्रक बंद पडला की सगळा रस्ता ठप्प होतो. आत गेल्यावर पत्र्याच्या उंच शेडमध्ये उभारलेला वाडा दिसेल. त्याच्या भिंती प्लायवूडच्या आहेत, कोळिष्टके रबराचे सोल्यूशन पंख्याच्या यंत्रातून उडवून केलेली आहेत आणि जिन्यावर साचलेली धूळ म्हणजे मुलतानी माती आहे. ती फुंकली जात असताना नाकातोंडाला रुमाल बांधत जा. खिडक्यांवर काळा कपडा ताणलेला असल्यामुळे बाहेर भर दुपार असली तरी आत कायम मध्यरात्र असते, आणि दोन-तीन दिवसांत वेळेचे भान सुटून माणसे कारण नसताना एकमेकांवर चिडू लागतात. म्हणून दर दोन-तीन तासांनी पाच मिनिटे तरी बाहेर उजेडात येऊन येऊरच्या डोंगराकडे पाहत जा आणि शक्य होईल तेव्हा एखाद्या लाइटदादालाही वरच्या तराफ्यावरून, म्हणजे दिव्यांसाठी छताखाली टांगलेल्या फळ्यांवरून, खाली उतरवून सोबत ने.

सीन पेपर, म्हणजे प्रसंग आणि संवाद लिहिलेला कागद, हातात आला की प्रसंग कोणत्या रात्रीचा आहे हे आधी पाहा. मालिकेतली एक रात्र प्रत्यक्षात तीन दिवस चित्रित होते, आणि तीही उलटसुलट क्रमाने, कारण माजघरातले सगळे प्रसंग एका लायटिंगमध्ये उरकून मगच युनिट ओसरीवर जाते. अशा वेळी समईत तेल किती होते, वात किती काजळली होती, पदर कोणत्या खांद्यावरून होता आणि गालावरच्या ओरखड्याचे टोक ओठाकडे होते की कानाकडे, हे तुझ्या वहीत असले पाहिजे. मोबाइलवर फोटो जरूर काढ, परंतु वहीत लिहिणे सोडू नकोस. लिहिताना नजर ज्या बारकाव्यावर थांबते, तिथे ती फोटो काढताना थांबत नाही. खोटे रक्त बहुधा लिक्विड ग्लुकोज आणि खाण्याचा रंग यांचे असते, त्यामुळे जेवणाच्या सुट्टीत त्याला मुंग्या लागतात. एकदा एक ज्येष्ठ अभिनेत्री मृत्यूच्या प्रसंगात डोळे मिटून निपचित पडलेली असताना तिच्या मानेवर मुंग्या चालत होत्या आणि टेक बिघडू नये म्हणून ती बाई हलली नाही. मॉनिटरसमोर बसलेल्या आम्हा पाच जणांपैकी एकालाही ते दिसले नाही. तेव्हापासून रक्त लावलेल्या कलाकाराजवळ मी ओला नॅपकिन आणि एक माणूस ठेवतो. तूही ठेव.

तुझे मुख्य काम मात्र वेगळेच असेल. पडद्यावर दिसणारे भूत पुष्कळदा चित्रीकरणाच्या वेळी तिथे नसते, ते नंतर हिरव्या पडद्यासमोर वेगळे चित्रित होऊन संगणकावर जोडले जाते. नायिका ज्या रिकाम्या कोपऱ्याकडे पाहून किंचाळते, त्या कोपऱ्यात नजर देण्यासाठी सहायकाला उभे करतात, म्हणजेच भुताच्या जागी तू उभी राहशील. भुताचे डोळे जिथे असतील तिथे मूठ उंचावून धरताना ती जमिनीपासून किती फुटांवर आहे हे टेपने मोजून वहीत लिहून ठेव. नाही तर आज मास्टरमध्ये, म्हणजे सगळा प्रसंग लांबून टिपणाऱ्या शॉटमध्ये, साडेसहा फुटांवर पाहणारी नायिका उद्या क्लोजमध्ये, म्हणजे चेहऱ्याच्या जवळच्या शॉटमध्ये, पाच फुटांवर पाहील. टेक चालू असताना तिच्याकडे टक लावून पाहा, मध्येच नजर चुकवू नकोस, घड्याळाकडे पाहू नकोस. समोरच्या कलाकाराला रिकाम्या कोपऱ्यातून भीती निर्माण करायची असते आणि त्या क्षणी तिला आधार फक्त तुझ्या डोळ्यांचा असतो. किंचाळी असलेल्या टेकआधी साऊंड रेकॉर्डिस्टला न विसरता सांग, कारण त्याच्या कानांवर हेडफोन असतात. मास्टर शॉटमध्ये पूर्ण ताकदीने ओरडण्याची गरज नसते, तो आवाज क्लोजसाठी राखून ठेवावा आणि स्पॉटदादाकडून कोमट पाणी मागवून ठेवावे. पांढऱ्या लेन्स घातलेल्या कलाकाराला जवळपास काहीच दिसत नसते. त्याला केबलच्या जंजाळातून हात धरून ने आणि शॉट संपताच लेन्स उतरवल्या गेल्या की नाही हे विचार.

तुमच्या मालिकेत सात वर्षांची एक मुलगी आहे असे ऐकले. तिच्याविषयी थोडे अधिक लिहितो. कायद्याने चौदा वर्षांखालच्या बालकलाकाराकडून दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही आणि सलग तीन तासांनंतर विश्रांती द्यावीच लागते. मुलाला कामावर घेण्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, आणि मुलाच्या कमाईतला किमान २० टक्के भाग त्याच्या नावे मुदत ठेवीत ठेवावा लागतो. परवानगी आणि ठेव ही निर्मिती विभागाची जबाबदारी आहे. पाच तासांचे घड्याळ मात्र तुझ्या हाती असेल. ती किती वाजता आली आणि किती वाजता मोकळी झाली, हे रोज लिहून ठेव आणि वेळ संपत आली की कोणाचीही भीड न बाळगता दिग्दर्शकांना सांग.

पूर्वी माझ्या एका मालिकेत सहा वर्षांचा एक मुलगा होता. हडळीची भूमिका करणाऱ्या अभिनेत्रीचा मेकअप सुरू झाला, तेव्हा मी त्याला पहिल्या मिनिटापासून शेजारच्या खुर्चीवर बसवले. लॅटेक्सची सुरकुतलेली कातडी तिच्या गालावर चिकटताना त्याने पाहिली, मेकअपदादांनी त्याच्या बोटाला काळा रंग लावून तिच्या हनुवटीवर एक ठिपका त्यालाच काढू दिला आणि मग दोघांनी मिळून चहाबरोबर बिस्किटे खाल्ली. अर्थातच पुढे ती समोर आली की तो खुदकन हसायचा. युनिटमधला कोणीतरी म्हणाला की, तिला अचानक दाराआडून बाहेर काढू, म्हणजे पोरगा खराच दचकेल आणि एका टेकमध्ये काम होईल. मी नकार दिला. आम्ही दोघांना वेगवेगळ्या फ्रेममध्ये घेतले, त्याच्या आईला कॅमेऱ्याच्या शेजारी त्याला दिसेल अशी उभी केली आणि मी त्याला म्हणालो, “मनातल्या मनात वीसपासून उलटे मोज, चुकायचे नाही.” आकडे आठवताना त्याचे ओठ किंचित उघडे राहिले आणि पापण्या हलेनाशा झाल्या. पार्श्वसंगीत चढल्यावर तो चेहरा पाहून घरोघरी लोक शहारले असतील. तो मुलगा मात्र तेव्हा अकरानंतर दहा येतात ना, एवढ्याच विचारात होता. “खरी रिअॅक्शन” मिळवण्यासाठी मुलाला फसवावे असे तुला कोणी सांगितले, तर माझे नाव घेऊन नकार दे.

आता जे लिहितो, ते आजवर फार थोड्या लोकांना सांगितले आहे. मी तुझ्यासारखाच नवखा असताना एका सेटवर प्लायवूडची सहा फूट खोल विहीर बांधली होती. तिच्यातून धुके वर येताना दिसावे आणि मग एक हात कठड्यावर यावा, असा शॉट होता. धुक्यासाठी तळाशी गरम पाण्याच्या घमेल्यात ड्राय आइस टाकला होता. ड्राय आइस म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, उणे ७८ अंशांच्या आसपासचा. आपल्याला दिसते ते धुके पाण्याच्या बारीक थेंबांचे असते. त्याच्याबरोबर सुटणारा वायू दिसत नाही, त्याला वासही नसतो, आणि हवेपेक्षा जड असल्यामुळे तो खोलगट जागेत साचतो. यातले मला काहीच ठाऊक नव्हते आणि मी कोणाला विचारलेही नव्हते. कॅमेऱ्याच्या ट्रॉलीचे काहीतरी बिघडले, आठ-दहा मिनिटे गेली, आणि त्या वेळात विहिरीत बसलेल्या ज्युनियर आर्टिस्ट मुलीला बाहेर काढावे हे मला सुचले नाही. “रेडी आहे ना?” असे वरून विचारले गेले आणि मी तिच्याकडे न पाहताच “रेडी” म्हणालो. क्यू दिला, हात वर आला नाही. पुन्हा क्यू दिला. तेवढ्यात तराफ्यावरून खाली पाहणारा लाइटदादा ओरडला की, पोरगी मान टाकून बसली आहे. चौघांनी विहिरीची एक बाजू लाथेने तोडली आणि तिला मोकळ्या हवेत आणले. ती शुद्धीवर आली, दवाखान्यातून संध्याकाळी घरीही गेली. परंतु तिच्या निळसर पडलेल्या ओठांचा रंग मी आजही विसरलेलो नाही, आणि तो “रेडी” माझाच होता.

म्हणून खोल, बंद जागेत ड्राय आइस वापरू द्यायचा नाही; तिथे पाण्यावर चालणारे फॉग मशीन वापरता येते. इतरत्र वापरलाच, तर जाड हातमोजे, सुरू असलेला पंखा आणि उघडी दारे हवीत. कलाकाराचा चेहरा सतत दिसेल अशा जागी एक माणूस नेमून ठेव, आणि कलाकाराशी हाताची एक खूण आधीच ठरवून घे, जी दिसताच कोणालाही न विचारता शॉट थांबवता येईल. हार्नेस, म्हणजे कलाकाराला दोरावर टांगण्याचा पट्टा, असेल तर त्याच्या गाठी-कड्या ॲक्शनची, म्हणजे स्टंट सांभाळणारी, माणसे तपासतील, त्यांना तू हात लावू नकोस. पण तपासले का, हे विचारायला संकोचू नकोस.

सेटवर अफवाही उठतील. एका स्टुडिओत रात्रीचा वॉचमन मागच्या बाजूला जायला तयार नव्हता, कारण अकरा वाजल्यानंतर वाड्याच्या छतावर कोणीतरी चालते असे त्याला वाटे. आम्ही दोन रात्री त्याच्याबरोबर बसलो. दिवसभर तापलेले पत्रे रात्री थंड होऊन आकसतात आणि त्यांच्या सांध्यांतून टक्-टक् असा आवाज येतो, हे त्याला टॉर्चच्या उजेडात दाखवले, तेव्हा तो शांत झाला. अशा गोष्टी हसण्यावारी नेऊ नकोस आणि चहाच्या वेळी रंगवून सांगूही नकोस. हीच दक्षता सीन पेपर वाचतानाही असू दे. भूत उतरवण्याच्या बहाण्याने कोणाला बांधणे, मारहाण करणे, मिरचीची धुरी देणे हा महाराष्ट्रात २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, आणि अंधश्रद्धेला उत्तेजन देणारे कार्यक्रम दाखवू नयेत, असे केबल टेलिव्हिजनच्या १९९४च्या नियमांतही आहे. मांत्रिकाने सुनेला झोडपले आणि ती बरी झाली, असा प्रसंग समोर आला तर लेखकांशी आदराने बोल. ही मालिका पाहणाऱ्या एखाद्या घरात खरोखरच एखादी आजारी सून असू शकते.

रात्री पॅकअप झाल्यावर ड्रॉपची गाडी आल्याशिवाय गेटबाहेर उभी राहू नकोस, आणि हेअरच्या ताईंबरोबरच निघ, त्या वाघबीळलाच उतरतात. पिशवीत टॉर्च, शाल आणि जाड तळव्याचे बूट असू देत. जमिनीवर खिळे पडलेले असतात.

तुमच्या वेळापत्रकात बुधवारी विहिरीचा प्रसंग आहे असे कळले. तुमच्या दिग्दर्शकांशी मी बोललो आहे. त्या दिवशी सकाळी मीही येतो. मंगळवारी संध्याकाळी ती विहीर किती खोल आहे आणि तिला खालून दार ठेवले आहे का, एवढे पाहून मला फोन कर.

तुझा,
काका