क्षाराच्या पाण्याच्या बाथरूममध्ये टाकाऊ वस्तूंचं काय काय टिकतं?

तुमचा प्रश्न वाचला. जालन्यात भाड्याचं घर, चार बाय पाचची बाथरूम, टाइल्सला छिद्र पाडायचं नाही ही घरमालकाची अट. बाटल्या, साबण, ब्रश सगळं जमिनीवर. पाणी आठवड्यानं येतं, आणि एखादं झाड ठेवावं का हेही विचारलंय. घरातल्याच टाकाऊ वस्तूंतून सोय आणि जमलं तर थोडी सजावट करायचीय, पण व्हिडिओ बघून केलेली पुठ्ठ्याची खोकी महिन्याभरात भिजून फुगली. हे वाचून मला आमची फजिती आठवली, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी लातूरची. नोकरी शाळेत, शेत औसा तालुक्यात, घरात सासूबाई, आम्ही दोघं आणि एक मुलगा. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत मलाही हाच उत्साह आला होता. तेलाचा पंधरा किलोचा पत्र्याचा डबा आडवा कापला, कडा ठोकून आत वळवल्या, ऑइलपेंटचे दोन हात दिले, वर पांढऱ्या रंगानं वेलबुट्टी काढली आणि बाथरूमच्या कट्ट्यावर मांडला. शाम्पू, तेल, कंगवे सगळं त्यात. सासूबाई म्हणाल्या, "दिसाया झ्याक हाय गं, पण मोरीत हाय, ध्यानात ठिव." दुसऱ्या महिन्यात डब्याच्या खालून नारिंगी ओघळ निघाले. पांढऱ्या टाइलवरचे ते डाग मी अजून घासतेय.

चूक डब्याची नव्हती, पाण्याची होती. आपल्याकडं बोअरचं पाणी म्हणजे क्षार. बादलीच्या कडेला जो पांढरा कडा धरतो ना, तोच थर टाइलवर, नळावर, सगळीकडं असतो. रंगाला एक जरी ओरखडा गेला की हे पाणी तिथून आत शिरतं आणि गंज रंगाच्या खालून पसरत जातो. वरून रंग शाबूत, आत पत्रा खलास. आणि ते चिकटवायचे हुक पडतात तेही याच थरामुळं. गोंद टाइलला चिकटतच नाही, क्षाराला चिकटतो, आणि क्षार सुटला की हुक बादलीत.

म्हणून आता आमच्याकडं एकच परीक्षा. कुठलीही वस्तू बाथरूमसाठी वापरायची म्हटलं की तिचा एक तुकडा आठ दिवस बादलीत ठेवायचा, अर्धा पाण्यात, अर्धा वर. पूर्ण बुडवलेल्यापेक्षा पाण्याच्या रेषेपाशी लोखंड लवकर गंजतं. आठ दिवसांत फुगला, गंजला, वास मारायला लागला तर ती वस्तू दुसऱ्या खोलीत. या परीक्षेत पुठ्ठा, पत्रा, सुतळी, प्लायवूड, वर्तमानपत्राच्या नळ्या सगळे नापास. व्हिडिओतली निम्मी कलाकुसर इथंच संपते बघा.

पास काय होतं, तर आपल्या शेतातलंच भंगार. माझं सगळ्यात आवडतं म्हणजे ठिबकची जुनी नळी आणि युरियाची गोणी. यातून आमची धुण्याची टोपली झाली, ती कशी ते नीट सांगते.

युरियाची ४५ किलोची गोणी घ्यायची, बाहेरची विणलेली. आतली पातळ पिशवी काढून टाकायची. दोन-तीन पाण्यात धुवायची. ते पाणी मोरीत ओतू नका, भरपूर पाणी घालून पातळ करा आणि थोडं थोडं करून झाडांना द्या. गोणी उलटी करायची, म्हणजे छपाई आत जाते आणि बाहेर पांढरं कोरं विणकाम येतं. निम्म्या उंचीवर कापायची. कापलेल्या कडेचे धागे सुटतात, ती कड मेणबत्तीच्या ज्योतीजवळून भरकन फिरवली की धागे वितळून बसतात. हे काम अंगणात करा, धूर तोंडात घेऊ नका.

मग तोंडाला कडं. ठिबकची सोळा एमएमची नळी, लॅटरल म्हणतात ती, शक्यतो साधी घ्या, इनलाइन नको. इनलाइनमध्ये आत ड्रिपर, म्हणजे थेंब सोडणारे तुकडे, बसवलेले असतात, नळी तिथं वाकत नाही आणि कडं गोल होत नाही. गोणीच्या तोंडाचा घेर मोजून तेवढा तुकडा कापायचा, आमच्या गोणीला पावणेचार फूट लागला. दोन्ही टोकं गरम पाण्यात अर्धा मिनिट धरली की मऊ होतात, मग जॉइनर, म्हणजे दोन टोकं जोडणारा तुकडा, सहज आत बसतो. थंड नळीत घालायला गेलात तर अंगठ्याची सालं निघतील. झालं कडं. गोणीचं तोंड त्यावरून चार बोटं बाहेर दुमडायचं आणि दाभणानं शिवायचं, नायलॉनच्या दोऱ्यानं. सुतळीनं शिवू नका, ती पहिली कुजते. सासूबाईंनी त्यावर वाकळीला घालतात तसा धावदोरा घातला, लोकरीच्या उरलेल्या लाल-हिरव्या तुकड्यांचा. सजावट म्हणाल तर आमच्या बाथरूममध्ये सगळ्यात देखणी तीच. विणीतून हवा खेळते म्हणून ओल्या कपड्यांना आंबूस वास येत नाही. गोणीला ऊन मात्र सोसत नाही, गच्चीवर ठेवली तर काही महिन्यांत भुगा होतो. बाथरूममध्ये निवांत राहते.

शेत नसेल तर ठिबकचे तुकडे भंगारवाल्याकडं किलोवर मिळतात, गोणी कृषी सेवा केंद्राच्या आसपास कुणीही देईल.

इथंच एक गोष्ट कडक शब्दांत सांगते. फवारणीच्या औषधाची बाटली, कॅन, डबा, काहीही घरात आणू नका, कितीही धुतलेलं असलं तरी. आपल्याकडं बांधावर या बाटल्या पडलेल्या असतात, आकारानं छान, झाकणं घट्ट, हात शिवशिवतो. त्यांच्यावर तिरका चौकोन असतो आणि त्याच्या खालच्या अर्ध्यात लाल, पिवळा, निळा नाहीतर हिरवा रंग. हिरवा म्हणजे सर्वांत कमी विषारी, पण कमी विषारी म्हणजे बिनविषारी नव्हे. ओल्या अंगानं, लहान लेकरांच्या हाताशी ती वस्तू नकोच.

आता बाटल्या ठेवायची सोय. पाच लिटरचा तेलाचा कॅन घ्या, वरच्या मुठीचा. आत तेल चिकटलेलं असतं, ते नुसत्या साबणानं जात नाही. आधी मूठभर चाळणीतला कोंडा आत टाकून खडखडून हलवायचा, तो तेल ओढून घेतो, मग सोड्याच्या कोमट पाण्यानं धुवायचं. उकळतं ओतलंत तर कॅन आकसून वाकडा होतो. समोरच्या बाजूला खिडकीसारखा भाग हॅक्सॉच्या पात्यानं कापायचा, मूठ तशीच ठेवायची. कड पॉलिश पेपरनं घासा, नाहीतर रोज बोट कापेल. तळाला दाभण गरम करून सहा-सात भोकं, पाणी निथळायला. ही भोकं विसरलात तर आठवड्यात खाली हिरवी गाळवट साचते. मुठीतून नायलॉनची दोरी घालून कॅन खिडकीच्या गजाला किंवा टॉवेलच्या दांडीला टांगायचा. भिंतीला हात लावायची गरज नाही, घरमालक खूश.

कॅन रंगवायच्या भानगडीत पडू नका. या प्लॅस्टिकवर रंग धरत नाही, पापुद्रे निघून सगळीकडं चिकटतात. आम्ही तीन कॅन एकाखाली एक टांगलेत, वरच्यात शाम्पू-तेल, मधल्यात ब्रश-पेस्ट, खालच्यात घासणी आणि मुलाची प्लॅस्टिकची बदकं. मुलाचं म्हणणं, बदकं तिसऱ्या मजल्यावर राहतात.

साबणासाठी सगळ्यात सोपं म्हणजे फुटका माठ. उन्हाळ्यात एखादा फुटतोच. त्याची तळहाताएवढी, जराशी खोलगट खापरी निवडा, कडा शहाबादी फरशीवर पाणी टाकून घासा. कच्ची भाजलेली माती पाणी पिऊन घेते, त्यामुळं साबणाचा खाली लगदा होत नाही. काही दिवसांनी खापरीवर पांढरं फूल येतं. ती बुरशी नाही, क्षार आहेत. कोरड्या ब्रशनं झटकायचे. खापरीवर जून झालेल्या गिलक्याच्या जाळीची एक चकती ठेवली की साबण आणखी कोरडा राहतो. वेलीवर चुकून राहिलेलं, वाळून खडखड वाजणारं गिलकं असतं ना, ते. सालं काढून बिया झटकायच्या, बिया पुढच्या पावसाळ्याला. उरलेल्या जाळीची अंगघासणी होते. महिन्याभरात बदला आणि वापरून झाली की उन्हात टाका.

पायपुसण्याला जुनी सुती साडी. सासूबाईंच्या विटलेल्या नऊवारीच्या तीन बोटं रुंद पट्ट्या फाडल्या, कापल्या नाहीत. फाडलं की धाग्यात सरळ जातं. तिपेडी वेणी घालत जायची, पट्टी संपली की दुसरी टाचायची, मग वेणी स्वतःभोवतीच लंबगोल फिरवून खालून टाके घालायचे. एका नऊवारीत दोन पायपुसणी आरामात होतात. पॉलिएस्टरची साडी घेऊ नका, ती पाणी शोषत नाही, नुसती सरकवते, आणि घरात म्हातारं माणूस असेल तर सरकणं परवडत नाही. त्याच कारणासाठी काचेच्या बरण्या-बाटल्या मी बाथरूममध्ये ठेवत नाही. ओला हात, साबण आणि अनवाणी पाय.

काच एकाच रूपात ठेवलीय, आरशाभोवती बांगड्यांच्या तुकड्यांची. आमच्याकडं बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. सासूबाई वाढवलेल्या बांगड्यांचे तुकडे एका डबीत साठवत होत्या, कशाला ते त्यांनाही माहीत नव्हतं. पीव्हीसीच्या जुन्या पॅनेलच्या तुकड्यावर आरसा बसवून भोवती पांढऱ्या सिमेंटचा पातळ थर दिला आणि ओला असतानाच तुकडे दाबले. पॅनेल गुळगुळीत असतं, आधी पॉलिश पेपरनं खरखरीत करा, नाहीतर सिमेंट सालीसारखं निघतं. मी पहिल्यांदा साध्या पांढऱ्या फेविकॉलनं चिकटवले होते. तो पाण्यात मऊ पडतो, एकेक तुकडा गळत गेला. आरसा दाराजवळ, शिंतोडे पोचणार नाहीत अशा उंचीवर टांगा आणि तुकड्यांच्या धारदार कडा सिमेंटात पूर्ण बुडाल्यात ना ते बोट फिरवून बघा.

झाडाबद्दल विचारलंय तुम्ही. मनीप्लांट लावा, पण पाण्यात नाही, मातीत. तुमच्याकडं पाणी आठवड्यानं येतं, म्हणजे घरात साठवण आधीच भरपूर. त्यात आणखी उघडी पाण्याची भांडी नकोत. डेंग्यूचा डास बहुतेकदा स्वच्छ साठलेल्या पाण्याच्या भांड्यात अंडी घालतो, आणि आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. पाण्यातच ठेवायचं असेल तर दर आठवड्याला पाणी बदला आणि भांडं आतून घासा, नुसतं ओतून भागत नाही. अंडी पाण्याच्या वर, भांड्याच्या भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहतात. ड्रम आणि टाकीलाही हेच. जुन्या सुती साडीचा तुकडा ड्रमच्या तोंडावर टाकून ठिबकच्याच नळीच्या कड्यानं आवळून बसवता येतो, आम्ही तसंच करतो.

पाण्यावरून आठवलं. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून पाण्याची रेल्वे लातुरात आली, तेव्हा आमच्याकडं आंघोळ परातीत बसून व्हायची आणि ते पाणी संडासाला. फ्लशच्या टाकीत पाण्यानं भरलेली लिटरची बाटली ठेवायची सवय तेव्हाची. टाकी तेवढीच भरल्यासारखी दिसते, पण दर फ्लशला एक लिटर वाचतं. चार माणसं, पाच-पाच वेळा, दिवसाला वीस लिटर. वीट ठेवू नका, तिची माती सुटून वॉशर खराब होतो. बाटली आतल्या तरंगत्या गोळ्याला घासत नाही ना, एवढं बघा.

आणि टाइल्सवरचा, कॅनवरचा पांढरा थर: आमटीला चिंच कोळून उरलेला चोथा फेकू नका. तोच चोळून दहा मिनिटं ठेवला की क्षार सुटतात, पितळेच्या भांड्यांना करतो तसंच. फक्त खाली शहाबादी असेल तर तिच्यावर आंबट सांडू देऊ नका. ती चुनखडीचीच फरशी, आंबटानं तिची झिलई जाते.

सुरुवात टांगायच्या कॅनपासून करा, तासाभराचं काम आहे आणि जमिनीवरचा पसारा पहिला उठतो. गोणीचं नंतर, निवांत.

माझा तो वेलबुट्टीचा डबा आता गच्चीवर आहे. पुदिना लावलाय त्यात. तळ गंजून आपोआप भोकं पडलीत, निचऱ्यासाठी वेगळी पाडावी लागली नाहीत.