वाचकांचे प्रश्न : वळीव, गॅलरी आणि गच्चीवरच्या कुरडया

प्रश्न : वळवाचा पाऊस आला की आम्ही घरचे सगळे चहा घेऊन गॅलरीत बसतो. सासूबाई मात्र पहिल्या गडगडाटालाच आत बोलावतात. वीज किती लांब आहे हे कसं ओळखायचं आणि आत कधी यायचं? (वाचक, बिबवेवाडी)

उत्तर : सासूबाईंचं बरोबर आहे. मात्र आत आल्याने मजा जात नाही, बंद काचेआडूनही वळीव तितकाच देखणा दिसतो.

वीज चमकली की सेकंद मोजायला लागा. आवाज साधारण तीन सेकंदांत एक किलोमीटर येतो, म्हणजे बारा सेकंदांनी ऐकू आला तर वीज चार किलोमीटरवर. अंतर तीस सेकंदांच्या आत आलं की गॅलरी सोडायची, कारण पुढची वीज आपल्या डोक्यावरही पडू शकते. शेवटचा आवाज ऐकल्यावर पुढची 30 मिनिटं आतच थांबायचं. पाऊस ओसरला म्हणून लगेच बाहेर येणं हीच नेहमीची चूक.

आवाजाचा पोतही ऐका. जवळची वीज ‘कडाड’ करते, लांबची गडगडत राहते. विजेची वाट काही किलोमीटर लांब असते. तिच्या जवळच्या टोकाचा आवाज आधी पोचतो, दूरच्या टोकाचा मागून, म्हणून तो लांबतो. पंधरा-वीस किलोमीटरपलीकडचा आवाज सहसा पोचतच नाही. पुरंदरच्या बाजूला नुसतं लखलखताना दिसतं ते यामुळेच. तो खेळ खुशाल गॅलरीतून बघा.

ढगाकडे दुपारी तीनपासून लक्ष ठेवा. फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा वर चढणारा ढग माथ्यावर ऐरणीसारखा पसरला, की तो गरजणार. मग अचानक धुळीचा गार झोत येतो. ढगातून पडणारे थेंब वाटेत सुकताना हवा थंड करतात आणि ती जड हवा खाली आदळून चहूकडे पसरते. हा झोत आला की हातात थोडीच मिनिटं उरतात : दोरीवरचे कपडे, खिडक्या आणि गुलमोहराखाली लावलेली दुचाकी. गुलमोहराच्या फांद्या ठिसूळ असतात, पहिल्या वाऱ्यातच मोडतात.

पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेचं ‘दामिनी’ ॲप आसपासच्या 20 ते 40 किलोमीटरांतल्या विजांची सूचना देतं, ते फोनवर असू द्या. आत आल्यावरही लोखंडी ग्रिलला टेकू नका, आंघोळ आणि भांडी नंतर. पर्वती किंवा हनुमान टेकडीवरून वीज बघायचा बेत मात्र पूर्ण सोडा.

प्रश्न : टीव्ही, राउटर यांची बटणं बंद केली की पुरतं ना? (वाचक, वारजे)

उत्तर : नाही. भिंतीवरचं बटण फक्त फेज तोडतं, न्यूट्रल जोडलेलीच राहते. शिवाय बटणातली एवढीशी फट विजेच्या दाबाला सहज ओलांडता येते. प्लगच काढा, सेट-टॉप बॉक्सची तांब्याची केबलही काढा. फायबरमधून वीज येत नाही, पण राउटरच्या ॲडॅप्टरमधून येते. हे सगळं वीज लांब असतानाच उरकायचं, डोक्यावर कडकडत असताना प्लगला हात लावायचा नाही. गेलेले लाइट आले की फ्रिज पाच मिनिटांनी लावा, तोवर कॉम्प्रेसरमधला दाब समान होतो.

प्रश्न : स्लायडिंगची खिडकी घट्ट लावूनही हॉलमध्ये पाणी येतं. (वाचक, कोथरूड)

उत्तर : खालच्या पट्टीच्या बाहेरच्या अंगाला बारीक भोकं असतात, ती धुळीने बुजली असणार. जुन्या टूथब्रशने पट्टी घासा, पातळ तारेने भोकं मोकळी करा आणि पट्टीत पेलाभर पाणी ओता. ते मिनिटाभरात बाहेर गेलं तर काम झालं. भोकं मोकळी असूनही जोराच्या वाऱ्यात पाणी आत येत असेल, तर वाऱ्याचा दाब पाणी अडवून धरतो आहे. पट्टीत जुना टॉवेल पिळून ठेवा आणि पाऊस संपल्यावर काचेच्या कडेची झिजलेली केसाळ पट्टी बदलून घ्या. भोकं सिलिकॉनने बुजवू नका. बरेच जण नेमकं तेच करतात आणि मग सगळं पाणी घरातच उतरतं.

प्रश्न : गच्चीवरच्या कुरडया अर्ध्या वाळलेल्या असताना भिजल्या. टाकून द्यायच्या का? (वाचक, सहकारनगर)

उत्तर : चार शिंतोडे पडले असतील तर नाही. सुती कापडावर एकेक सुटी मांडून रात्रभर पंख्याखाली ठेवा, सकाळी पुन्हा उन्हात. प्लास्टिकने झाकू नका, दमट राहून बुरशी येते. हाताला चिकट लागल्या, आंबूस वास आला किंवा काळे ठिपके दिसले तर मात्र टाकाच. साबुदाण्याच्या ओल्या पापड्या चिंब भिजल्या तर वाचत नाहीत. या दिवसांत वाळवण सकाळी सातच्या आत घाला आणि तीनला खाली आणा.

प्रश्न : पावसात कांदाभजी करते, पण ती मऊ पडतात. (वाचक, धायरी)

उत्तर : पाणी घालताय, तेच चुकतंय. तीन मध्यम कांदे उभे पातळ चिरून चमचाभर मीठ चोळा आणि दहा मिनिटं ठेवा. सुटलेल्या पाण्यातच वाटीभर बेसन, मोठा चमचा तांदळाची पिठी, ओवा, हळद, तिखट आणि चमचाभर कडकडीत तेल घाला. पीठ कांद्याला जेमतेम चिकटायला हवं. चिमूटभर पीठ सोडल्यावर लगेच वर आलं की तेल तापलं, मग आच मध्यम ठेवा. एका घाण्याला कढईत गर्दी केली तर तेल गार होतं आणि भजी तेल पितात.