थेट ऑनलाइन वर्ग आणि डोळ्यांचा शीण

प्रश्न : मी एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षात शिकते. रोज संध्याकाळी सलग दोन-अडीच तास मोबाइलवर थेट ऑनलाइन वर्ग असतो. तो संपल्यावर डोळ्यांची आग होते, कपाळ दुखते आणि काही वेळ दूरचे धूसर दिसते. चष्म्याच्या दुकानात यंत्रावर तपासले तेव्हा लहानसा मायनस नंबर निघाला आणि निळा प्रकाश अडवणारी काच घेण्याचा सल्ला मिळाला. तो मानावा का?
– एक विद्यार्थिनी, लातूर

उत्तर : त्या काचेवर तूर्त खर्च करू नका. वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने 2023 मध्ये 17 चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. त्यात अशा काचांमुळे डोळ्यांचा शीण निदान अल्पकाळात तरी कमी होत असल्याचे दिसले नाही. तुमच्या त्रासाचे मूळ प्रकाशाच्या रंगापेक्षा पाहण्याच्या अंतरात आणि न मिटणाऱ्या पापण्यांत आहे.

एरवी आपण मिनिटाला साधारण 15 ते 20 वेळा पापण्या मिटतो. पडद्याकडे एकाग्रतेने पाहताना हे प्रमाण निम्म्याहूनही खाली येते, अश्रूंचा थर जागोजागी सुकतो आणि आग होऊ लागते. थेट वर्ग मध्येच थांबवता येत नाही, त्यामुळे ऊतींच्या स्लाइडमधला बारीक तपशील निसटेल या धास्तीने विद्यार्थी नजर हलवत नाहीत. म्हणून शिक्षकांनीच दर वीस मिनिटांनी पडदा रिकामा करून अर्धा मिनिट थांबावे, असे मी आग्रहाने म्हणेन. तेवढ्या वेळात विद्यार्थ्यांनी खिडकीबाहेर दूर पाहावे आणि पापण्या पूर्ण मिटाव्यात.

दुसरा मुद्दा अंतराचा. मोबाइल 25 सेंटिमीटरवर धरला की डोळ्याला सुमारे 4 डायॉप्टर (भिंगाची ताकद, म्हणजे चष्म्याचा नंबर मोजण्याचे एकक) इतका जोर लावावा लागतो. तोच वर्ग घरच्या टीव्हीला जोडून दोन मीटरवरून पाहिला, तर अर्धा डायॉप्टर पुरतो. टीव्ही शक्य नसेल तर लॅपटॉप हातभर अंतरावर आणि नजरेपेक्षा किंचित खाली ठेवा. टिपणे वहीत लिहा, म्हणजे नजर एकाच जागी खिळून राहणार नाही. पंख्याचा झोत चेहऱ्यावर येऊ देऊ नका.

तुमच्या बाबतीत मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती नंबराची गोष्ट. तासन्‌तास जवळचे पाहिल्यावर डोळ्यातील स्नायू आखडलेलाच राहतो आणि नसलेला मायनस नंबर यंत्रावर उमटू शकतो. तो चष्मा लावला तर स्नायूवरचा ताण उलट वाढतो. म्हणून चष्मा करण्याआधी नेत्रतज्ज्ञांकडे जाऊन, स्नायू सैल करणारे थेंब घालून नंबर पुन्हा तपासून घ्या. या थेंबांनी काही तास, कधी दिवसभरही, जवळचे वाचता येत नाही. तेव्हा परीक्षेचा आदला दिवस टाळा.

तोवर आग फार होत असेल तर कृत्रिम अश्रूंचे थेंब चालतील. मात्र औषधाच्या दुकानातून लाली घालवणारे किंवा स्टिरॉइड असलेले थेंब परस्पर आणू नका. स्टिरॉइडच्या दीर्घ वापराने काचबिंदू आणि मोतीबिंदू होऊ शकतात.