पहिल्याच कथेत योद्धे विरुद्ध धर्मपीठ? लिही की!

तुझ्या पहिल्या विज्ञानकथेचा आराखडा वाचला. विषय झकास निवडलास. अंतराळातला लढवय्या पंथ, त्याच्या डोक्यावर अधिकृत धर्मपीठ, आणि दोघांचं अजिबात पटत नाही. फक्त आराखड्यातले सहा ग्रह आणि अकरा पंथ कमी कर. सध्या एक ग्रह, एक पंथ, एक मठ पुरे.

आधी हे ठरव: पंथाला पैसा कुठून येतो आणि त्याला जाब कोण विचारू शकतं? श्रद्धेची भांडणं बहुधा इथेच पेटतात. टेम्पलर या ख्रिस्ती लढवय्या साधूंच्या संघाला 1139 मध्ये पोपने थेट आपल्या छत्राखाली घेतलं, चर्चला द्यायचा दशमांशही (उत्पन्नाचा दहावा हिस्सा) माफ केला. स्थानिक बिशपांचा जळफळाट होणारच! (1312 मध्ये पोपनेच तो संघ मोडला, फ्रान्सच्या राजाच्या दबावाखाली. ते सावकाश वाच.)

आणि ग्वाल्हेरात राहून लांब कशाला जायचं? गंगादासांच्या मोठ्या शाळेत (म्हणजे साधूंच्या मठात) एक चक्कर मार. 1858 मध्ये राणी लक्ष्मीबाईंसाठी इंग्रजांशी लढलेल्या साधूंची शस्त्रं तिथे जपून ठेवली आहेत.

नवखे हमखास चुकतात ते असे:

- मुख्य पुजारी पहिल्या पानापासून खलनायक. त्याचंही म्हणणं वाचकाला पटलं पाहिजे.
- चिलखताला दोन पानं, प्रार्थनेला ओळही नाही.
- वाद नुसता तात्त्विक. तो कृतीत उतरव. पंथाला आपल्या खंडेनवमीसारखी शस्त्रपूजा गाभाऱ्यात करायची आहे, पुजारी म्हणतो शस्त्रं बाहेर ठेवा. तेल लावलेली पाती हातात घेऊन चाळीस जण दारात उभे, आणि कुणीच हटत नाही.

वंशावळी, पंचांग, नवी लिपी आत्ता नको. हा एक प्रसंग लिहून काढ आणि दाखव.