जंघा, जांघ आणि पायातल्या रोहिणी

एका वाचकाचा प्रश्न आहे: "शरीरशास्त्राच्या मराठी पुस्तकात 'अग्र जंघा रोहिणी गुडघ्याखाली सुरू होते' असं वाक्य सापडलं. जंघा म्हणजे मांडी ना? मग ती गुडघ्याखाली कशी? ही छापण्यातली चूक आहे का? आणि रोहिणी म्हणजे धमनीच का?"

पुस्तकाची चूक नाही. संस्कृतात जंघा म्हणजे गुडघ्यापासून घोट्यापर्यंतचा भाग, ज्यात पुढे नडगी आणि मागे पोटरी येते. मांडीला संस्कृतात ऊरू म्हणतात. पटत नसेल तर रामरक्षा मनात म्हणून पाहा. डोक्यापासून खाली येत येत शेवटी क्रम लागतो तो असा: ऊरू, जानुनी, जङ्घे, पादौ. मांड्या, गुडघे, पोटऱ्या, पावलं. लहानपणापासून हे पाठ असूनही 'जङ्घे'पाशी आपल्या मनात मांड्याच येतात, कारण कानावर हिंदीतली 'जाँघ' पडलेली असते. ती याच शब्दाची लेक, पण गुडघा ओलांडून मांडीवर जाऊन बसली. मराठीतली 'जांघ' तर आणखी वर चढली. जांघेत गाठ आली म्हणतो तेव्हा आपला हात मांडी आणि ओटीपोट जिथे मिळतात त्या सांध्याकडे जातो. मूळ शब्द नडगीचा, एक वंशज मांडीवर, दुसरा जांघाडात.

मला यात मौज वाटते ती अशी, की पायाचा रक्तपुरवठा नेमका या दोन टोकांच्या मध्ये उलगडतो. ओटीपोटातून खाली येणारी मोठी रोहिणी मराठी जांघेत ऊरू-रोहिणी होते आणि संस्कृत जंघेत तिच्या शाखा पसरतात. नळी तीच, भाग बदलला की नाव बदलतं. जांघेतला आडवा पट्टा ओलांडला की ऊरू-रोहिणी. तिथून थोडं खाली ती एक जाड खोल शाखा देते. मांडीच्या स्नायूंना मुख्यतः तीच पोसते. मूळ रोहिणी मांडीच्या आतल्या बाजूने उतरत जाते, एका मोठ्या स्नायूतल्या फटीतून मागे शिरते आणि गुडघ्यामागे पोचते. इथे पुस्तकं तिला जानुपृष्ठ रोहिणी म्हणतात. मला मात्र इथे मराठीचा स्वतःचा शब्द वापरावासा वाटतो: लवण. गुडघ्यामागचा, पाय लवतो तिथला खळगा. 'लवणीतली रोहिणी' म्हटलं की ती कुठे आहे हे वेगळं सांगावं लागत नाही.

लवणीच्या खालच्या टोकाशी ती दुभंगते. एक फाटा नडगीच्या आणि शेजारच्या बारीक हाडाच्या मधून पुढे येतो. ही तुमची अग्र जंघा रोहिणी, म्हणजे नडगीपुढची. दुसरा पोटरीत खोलवर उतरतो, बाहेरच्या अंगाला एक शाखा देतो आणि आतल्या घोट्यामागून तळपायात जातो. ती पश्च जंघा रोहिणी. आता पुस्तकातलं वाक्य पुन्हा वाचा. जंघा म्हणजे मांडी धरली तर ते अशक्य आहे, नडगी-पोटरी धरली तर अगदी सरळ आहे.

धमनी की रोहिणी? दोन्ही चालतात, दोन्हींचा अर्थ आज एकच आहे: हृदयाकडून रक्त बाहेर नेणारी वाहिनी. रक्त शुद्ध की अशुद्ध यावर नाव ठरत नाही, दिशेवर ठरतं. म्हणून हृदयाकडून फुप्फुसाकडे ऑक्सिजन कमी असलेलं रक्त नेणारी वाहिनीही रोहिणीच. शब्दांचे इतिहास मात्र वेगळे आहेत. धमनी 'फुंकणे' या अर्थाच्या धातूपासून आली, म्हणजे तिच्यात वारा आहे. ग्रीकांचंही असंच झालं होतं. मृतदेहातल्या धमन्या बऱ्याचशा रिकाम्या दिसतात, म्हणून त्यातून हवा वाहते असं त्यांना वाटे. आणि त्यांचा 'आर्टेरिया' हा शब्द श्वासनलिकेलाही लावला जाई.

रोहिणी रंगावरून आली. रोहित म्हणजे तांबडा. रोहिणी नक्षत्राचा ठळक तारा तांबूस दिसतो तो आठवा. सुश्रुतसंहितेत 700 शिरा सांगितल्या आहेत, एकेका पायात 100, आणि त्यांचे चार प्रकार: वातवाहक अरुणा, पित्तवाहक नीला, कफवाहक गौरी, रक्तवाहक रोहिणी. आधुनिक मराठी परिभाषेत त्यातली रोहिणी धमनीसाठी आली आणि नीला हृदयाकडे परतणाऱ्या वाहिनीसाठी. सुश्रुताच्या रोहिणीचा अर्थ आजच्यासारखा नव्हता, तरी मला हीच जोडी आवडते. रोहिणी-नीला म्हटलं की तांबडं-निळं डोळ्यांपुढे येतं. शिवाय धमनी-शिरा या जोडीत 'शिरा' शब्द बोलीतल्या शिरेशी धडकतो.

ही धडक बघायची तर स्वतःचं पाऊल पुढे घ्या आणि अंगठा वर उचला. अंगठ्यापासून घोट्याकडे एक दोरी ताणलेली दिसेल. तिला आपण शीर म्हणतो, पण ती आहे कंडरा, स्नायूला हाडाशी बांधणारी. आजूबाजूला त्वचेखाली निळसर रेघा दिसतील. त्यांनाही आपण शिराच म्हणतो, त्या नीला. आता त्या दोरीच्या करंगळीकडच्या बाजूला, पावलाच्या उंचवट्यावर, दोन बोटं अगदी हलकी ठेवा. काही लागलं नाही तर बोटं थोडी सरकवा, दाबू नका. जे ठक्‌ठक्‌ उडतंय ती नडगीपुढून आलेली रोहिणीच आहे, घोटा ओलांडून पादपृष्ठ रोहिणी झालेली. काही निरोगी माणसांत ती इथे लागत नाही. तेव्हा आतल्या घोट्यामागे बघायचं. दोन बोटांच्या जागेत तीन वेगळ्या गोष्टी आणि बोलीत तिघींना एकच शब्द. 'शीर दबली' म्हणतो तेव्हा तर चौथीच गोष्ट असते, मज्जातंतू.

'पादपृष्ठ' शब्दातही एक खड्डा आहे. पृष्ठ म्हणजे मागचं असं धरून कुणी टाचेकडे बघेल. पावलाचं पृष्ठ म्हणजे तळव्याच्या उलट बाजू, आपल्याला वरून दिसते ती. गुडघ्याचं पृष्ठ मागे, पावलाचं वर.

आणि पाऊल हा शब्द अशा लेखनात जपून ठेवायला हवा. मराठीत मांडीपासून बोटांपर्यंत सगळा पायच. 'पायाचा रक्तपुरवठा कमी झाला' या वाक्यातून पोटरीचा की पावलाचा हे कळत नाही, आणि फरक मोठा आहे. चालताना पोटरी भरून येते, थांबलं की उतरते, ही तक्रार बऱ्याचदा मांडीतली रोहिणी अरुंद झाल्याची असते. दुखणं अडथळ्याच्या खाली जाणवतं. म्हणून विद्यार्थ्यांसाठी 'अग्र जंघा रोहिणी' हे नाव राहू द्यावं, पण घरच्या माणसांना समजावून सांगताना मी 'नडगीपुढची रोहिणी' असंच लिहीन.