मधुमेही पायाची जखम आणि जिवंत पेशींची त्वचा : वाचकांचे प्रश्न

माझी आई ६२ वर्षांची आहे. तळपायाला, अंगठ्याच्या मुळाशी तीन महिन्यांपासून जखम आहे, पण दुखत नाही. जिवंत पेशींच्या त्वचेची (प्रयोगशाळेत वाढवून जखमेवर लावतात तिची) रुग्णांवरची चाचणी जवळपास सुरू झाली तर तिला घेतील का? (डिचोली)

जखम दुखत नाही याचा अर्थ बहुधा नसा बधिर झाल्या आहेत. दहा ग्रॅमचा नायलॉन तंतू वाकेपर्यंत तळव्यावर टेकवला आणि आईंना कळलं नाही, तर ते नक्की. बधिरपणामुळे चाचणीतून कोणी वगळत नाही. वगळतात ते रक्तपुरवठा कमी असेल किंवा हाडापर्यंत संसर्ग गेला असेल तर. घोट्याच्या आणि दंडाच्या रक्तदाबाचं गुणोत्तर तपासतात, मात्र मधुमेहात धमन्या कडक होतात आणि हा आकडा खोटाच चांगला येतो. १.३ च्या वर आला तर खूश न होता पायाच्या अंगठ्याचा दाब मोजून मागा. जखमेत बोथट सळई घातल्यावर कठीण हाड लागलं, तर आधी एक्स-रे आणि हाडाच्या संसर्गावर उपचार. पेशींचा विचार नंतर.

चाचणी खरी आहे का, हे क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री-इंडियाच्या संकेतस्थळावर पाहा. २००९ पासून तिथली नोंदणी सक्तीची आहे. पण चाचणी सुरू होईपर्यंत घरी बसू नका. जिल्हा इस्पितळात किंवा बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) आत्ताच पाय दाखवा.

चाचणीत घेतलं, पण पहिले दोन आठवडे साधीच मलमपट्टी आणि प्लास्टरचा बूट देणार म्हणतात. हा वेळ वाया नाही का? (पेडणे)

नाही. उलट सगळी चाचणी या दोन आठवड्यांवर उभी असते. बऱ्याच जखमा फक्त मृत भाग खरवडून काढला आणि पायावरचा भार उतरवला, एवढ्यानेच भरू लागतात. अशा रुग्णांवर पेशी लावल्या तर श्रेय कोणाला द्यायचं? म्हणून या काळात जखम ठरावीक टक्क्यांहून जास्त आवळली, तर त्या रुग्णाला पुढे घेत नाहीत.

ॲप्लिग्राफ या दोन थरांच्या त्वचेची मुख्य चाचणी २००१ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत २०८ रुग्ण होते. बारा आठवड्यांत पेशी लावलेल्यांपैकी ५६ टक्क्यांची जखम पूर्ण भरली आणि नुसत्या चांगल्या देखभालीच्या गटात ३८ टक्क्यांची. डर्माग्राफ्ट या अशाच दुसऱ्या त्वचेच्या २००३ च्या चाचणीत हेच आकडे ३० आणि १८ असे होते. म्हणजे पेशींचा फायदा खरा आहे, पण देखभालीच्या गटाचा आकडाही विसरू नका. भार न उतरवता कोणी महागडी त्वचा चिकटवत असेल, तर तो पैसा पाण्यात गेला असं आम्ही स्पष्ट सांगतो.

मोजमापाकडेही लक्ष ठेवा. लांबी गुणिले रुंदी केली की क्षेत्रफळ फुगतं. ३ बाय २ सेंटीमीटरची लंबगोल जखम ६ नव्हे, सुमारे ४.७ चौरस सेंटीमीटर असते (गुणाकाराला ०.७८५ ने गुणायचं). खरवडल्यावर जखम मोठी दिसते, म्हणून दर वेळी खरवडल्यानंतरच मोजावी. एकदा आधी आणि एकदा नंतर मोजली, तर आलेख निरर्थक. आणि ‘भरली’ कधी म्हणायचं? वर पूर्ण त्वचा आली, पाझर थांबला, पट्टी लागत नाही, आणि दोन आठवड्यांनंतरच्या भेटीतही तसंच आहे, तेव्हाच. हे तपासणाऱ्याला रुग्ण कोणत्या गटातला ते माहीत नसावं. पेशी लावणाऱ्यापासून ते लपवता येत नाही.

या पेशी कोणाच्या असतात? (म्हापसा)

नवजात मुलांच्या सुंतेत काढलेल्या कातडीतून वाढवलेल्या. ॲप्लिग्राफमध्ये खालचा थर गाईच्या कोलॅजनवर (त्वचेतल्या प्रथिनावर) बसवलेला असतो. कोणाला ते मान्य नसेल तर संमतीपत्रावर सही करण्यापूर्वीच विचारावं. या पेशी कायम टिकत नाहीत. वाढीचे संदेश देऊन त्या काही आठवड्यांत नाहीशा होतात आणि जखम रुग्णाच्याच त्वचेने भरते.

मी ड्रेसिंग विभागात परिचारिका आहे. लावताना चुका कुठे होतात? (फोंडा)

सर्वांत जास्त लावण्याआधीच. पोव्हिडोन-आयोडीन, क्लोरहेक्झिडीन पेशी मारतात. जखम सलाईननेच धुवा. संसर्ग असलेल्या जखमेवर तर लावूच नका. ॲप्लिग्राफच्या पाकिटातल्या माध्यमाचा (त्वचेखालच्या जेलचा) रंग सोबतच्या रंगपट्टीशी जुळवा, जुळला नाही तर परत पाठवा. निस्तेज बाजू वर, चकचकीत बाजू जखमेला. उलटी लावली तर कामच होत नाही. लावायच्या त्वचेला बारीक चिरा द्या, नाहीतर खाली पाणी साचून ती उचलली जाते. काठाबाहेर लोंबू देऊ नका. वर न चिकटणारी जाळी घाला आणि आठवडाभर ती हलवू नका.

पहिल्या ड्रेसिंगला पिवळसर बुळबुळीत थर दिसतो. तो पू समजून पुसून टाकणं ही नेहमीची चूक. लालसरपणा पसरणं, दुर्गंधी, ताप यांपैकी काही असेल तरच संसर्ग समजून डॉक्टरांना बोलवा.

डर्माग्राफ्ट उणे ७५ अंशांवर गोठवलेलं येतं आणि वितळवल्यावर अर्ध्या तासात लावावं लागतं. पावसाळ्यात वीज किती वेळा जाते ते तुम्हाला सांगायला नको. फ्रीझरला जनरेटर आणि तापमान नोंदणारं यंत्र नसेल, तर डर्माग्राफ्ट मागवूच नका.

जखम भरत आली आहे. शेतात जाऊ का? (सत्तरी)

चिखलात मुळीच नाही, गमबूट घालूनही नाही; आत घाम साचतो आणि भार तसाच राहतो. वैशाखात देवळाच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी चालणंही टाळा. बधिर पायाला भाजल्याचं कळत नाही. लईराईच्या जत्रेत होमखणात (निखाऱ्यांवर) उतरायचं व्रत असेल, तर या वर्षी देवीची क्षमा मागा.

चाचणीत काही बिघडलं तर? (मडगाव)

औषध-चाचण्यांच्या २०१९ च्या नियमांनुसार चाचणीदरम्यान इजा झाली तर उपचार मोफत करावे लागतात आणि इजा चाचणीमुळेच झाल्याचं ठरलं तर भरपाईही द्यावी लागते. मधूनच बाहेर पडता येतं, बाहेर पडलात म्हणून तुमचे नेहमीचे उपचार कोणाला थांबवता येत नाहीत. संमतीपत्राची प्रत मागून घरी ठेवा. नीतिशास्त्र समितीशी कसा संपर्क साधायचा ते त्या प्रतीत लिहिलेलं असतं.