पर्ल स्क्रिप्ट टर्मिनलवर चालते, ब्राउझरमध्ये ५०० एरर येतो. चूक कुठे शोधू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चिकोडीकडच्या तुमच्या गावच्या वाचनालयासाठी मराठी आणि कन्नड पुस्तकांची यादी दाखवणारी पर्ल स्क्रिप्ट लिहिली. उबुंटूवर अपाची हा वेब सर्व्हर आहे. टर्मिनलवर 'पर्ल' लिहून पुढे फाइलचं नाव दिलं की ती चालते, ब्राउझरमध्ये 'इंटरनल सर्व्हर एरर' येतो. मित्राच्या मशीनवर ब्राउझरमध्येही उघडली, पण पुस्तकांच्या नावांच्या जागी भलतीच चिन्हं आली.

कोड पुन्हा पुन्हा वाचणं आधी थांबवा. ५०० हा आकडा ब्राउझरसाठी आहे, तुमच्यासाठीचा मजकूर अपाचीच्या एरर लॉगमध्ये असतो. उबुंटूवर तो 'व्हार'मधल्या 'लॉग'च्या 'अपाची२' फोल्डरमध्ये सापडेल. एका खिडकीत 'टेल -एफ' लावून लॉग उघडा ठेवा, दुसरीकडे पान रिफ्रेश करा आणि नवी आलेली ओळ वाचा.

त्या ओळीत कंसात आकडा असेल तर निम्मं काम झालं. १३ म्हणजे परवानगी नाही: फाइलला 'सीएचमॉड'ने ७५५ (सगळ्यांना वाचता-चालवता येईल अशी परवानगी) द्या. फाइल तुमच्या होम फोल्डरमध्ये असेल तर तेही बघा, कारण उबुंटू २१.०४ पासून नव्या युजरचं होम ७५० असतं आणि अपाचीचा 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा' हा युजर आत शिरूच शकत नाही. ८ म्हणजे स्क्रिप्टची पहिली ओळ, जिच्यात पर्लचा पत्ता असतो, ती ओळखता आली नाही. एडिटरने फाइल 'यूटीएफ-८ विथ बॉम' म्हणून, म्हणजे सुरुवातीला एक न दिसणारी खूण घालून, सेव्ह केली की हे हमखास होतं.

२ आला तर नवखा माणूस चक्रावतो. फाइल डोळ्यांसमोर असते आणि लॉग म्हणतो, 'नो सच फाइल'. विंडोजवर लिहून आणलेल्या फाइलमध्ये प्रत्येक ओळीच्या शेवटी एक न दिसणारं जादा अक्षर असतं. पहिल्या ओळीत पर्लचा पत्ता असतो, त्यालाही ते चिकटतं आणि त्या नावाचा प्रोग्राम मशीनवर कुठेच नसतो. टर्मिनलवर पर्लला तुम्ही स्वतःच बोलावता, म्हणून पहिल्या ओळीतल्या पत्त्याची आणि ७५५ ची गरजच पडत नाही. तुमची स्क्रिप्ट तिथे चालते ती बहुतेक यामुळेच. 'डॉसटूयुनिक्स' फिरवा किंवा एडिटरमध्ये ओळीचा शेवट 'एलएफ' करा. मग 'सुडो -यू' वापरून, अपाचीच्याच युजरच्या नावाने, पुढे 'पर्ल' न लिहिता फाइल थेट चालवून बघा. खरी परीक्षा तीच.

'एंड ऑफ स्क्रिप्ट आउटपुट बिफोर हेडर्स' एवढंच दिसलं, तर हेडर (पानाआधी ब्राउझरला जाणारी माहिती) पुरा व्हायच्या आतच स्क्रिप्ट संपली किंवा मध्येच मेली. त्या ओळीच्या वरच्या ओळी वाचा, पर्लची स्वतःची तक्रार तिथेच असते. कंटेंट-टाइपच्या हेडरनंतर एक रिकामी ओळ लागतेच. जुन्या धड्यांतून कोड उचलला असेल तर सीजीआय (सर्व्हरने स्क्रिप्ट चालवून तिचं उत्तर ब्राउझरला देण्याची पद्धत) मॉड्यूल सापडत नाही असंही येईल. पर्ल ५.२२ पासून, म्हणजे २०१५ पासून, ते पर्लसोबत येत नाही, वेगळं बसवावं लागतं. आणि ब्राउझरमध्ये कोडच जसाच्या तसा दिसला, तर स्क्रिप्टला हात लावू नका, अपाचीत सीजीआय चालू केलेलं नाही.

आता चिन्हांचं. आपल्या सीमाभागात हे सोडवल्याशिवाय भागत नाही, कारण एकाच पानावर दोन लिप्या हव्या असतात. यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं आणि कन्नडचंही प्रत्येक चिन्ह (काना, उकारही वेगळे मोजून) तीन बाइट घेतं. करून बघा की: 'खानापूर' या शब्दाची लांबी पर्लला विचारा. 'यूज यूटीएफ८' नसेल तर २१ सांगेल, असेल तर ७. मात्र ती ओळ फक्त कोडमध्ये लिहिलेल्या शब्दांपुरती. यादीची फाइल उघडताना तिचं एन्कोडिंग वेगळं सांगावं लागतं, बाहेर छापण्यासाठी 'बिनमोड' लावावा लागतो आणि हेडरमध्ये कॅरसेट यूटीएफ-८ लिहावा लागतो. तुमच्याकडे बहुधा छापताना एन्कोडिंग आहे, वाचताना नाही. म्हणून प्रत्येक बाइट स्वतंत्र अक्षर समजून पुन्हा एन्कोड होतोय.

यातून सुटलं नाही तर लॉगमधल्या शेवटच्या चार-पाच ओळी जशाच्या तशा इथे टाका. यादीची फाइल उघडणारी ओळही द्या, बघून सांगतो.